कुणाच्या मुठीएवढं?

माझे वडील शिंपी होते. लालबागच्या चाळीत जिन्याखाली त्यांचं मशीन असायचं. मोठ्या माणसाचं माप ते एकदाच घेत. लहान पोर आलं की मात्र टेप गळ्यात तशीच लटकत ठेवून आधी त्याच्याशी गप्पा मारत, खडूनं त्याच्या हातावर फुली काढत, आणि मग तीनदा माप घेत. "हलत्या पोराचं माप तीनदा घ्यायचं आणि मधलं धरायचं," असं ते म्हणत. १९८६ साली परळच्या एका रुग्णालयात मी इको टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी मला तेच सांगितलं. तीन ठोक्यांचं माप घे, सरासरी काढ. घरचाच धंदा पुढे चालवत असल्यासारखं वाटलं.

'इकोकार्डिओग्राफी', म्हणजे ध्वनीनं हृदय पाहणं, हा शब्द पेशंटच्या तोंडून मी क्वचितच ऐकला. लोक 'टूडी' म्हणतात. "बाळाची टूडी काढायचीय, बाई." बत्तीस वर्षांत किती टुड्या काढल्या ते मोजलं नाही. पण चिपळूणकडून आलेली एक बाई लक्षात राहिली आहे. बाळ मांडीवर झोपलेलं, मी प्रोब फिरवत होते, आणि तिनं विचारलं, "हृदय मुठीएवढं असतं म्हणतात ना? कुणाच्या मुठीएवढं?" मी सहज म्हटलं, "त्याच्याच." नंतर लोकलमध्ये उभी असताना वाटलं, आपल्या धंद्याचा सगळा इतिहास या बाईनं एका प्रश्नात विचारला. हृदय दिसायला लागून कितीतरी वर्षं झाली होती. पण दिसलेलं हृदय मोठं की छोटं, हे ज्याच्याशी ताडायचं ती मूठ सापडायला फार वेळ लागला.

दिसायच्या आधी लोक हृदय वाजवून मापत. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स गावच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरानं १७६१ साली छातीवर बोटं आपटून आवाज ऐकण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचे वडील खानावळवाले. दारूचं पिंप किती भरलंय ते ठोकून पाहायची सवय त्यानं तिथूनच उचलली, असं सांगतात. भरीव आवाज संपला की हृदयाची कड संपली. मोठ्या माणसात हे काहीसं जमतं. तान्ह्याची छाती डॉक्टरच्या दोन बोटांत संपते, तिथे कड कसली शोधणार? मग एक्स-रे आला. १९१९ साली डँझर नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं सोपा हिशोब मांडला : हृदयाची रुंदी भागिले छातीची रुंदी. मोठ्या माणसात ती निम्म्याच्या आत हवी. बाळात पंचावन्न, साठ टक्केही चालतात, कारण बाळाचं हृदय छातीच्या मानानं मोठं आणि आडवं पडलेलं असतं. शिवाय तान्ह्याच्या छातीत हृदयाच्या वर थायमसची गाठ बसलेली असते. तिची सावली हृदयाच्या सावलीत मिसळते आणि हृदय नुसतंच ऐसपैस दिसतं. त्यात बाळ रडून श्वास सोडत असताना फोटो निघाला तर बघायलाच नको. "हृदय वाढलंय" असा एक्स-रेचा शेरा घेऊन जीव मुठीत धरून आलेले आईबाप मी पाहिले आहेत. दहा मिनिटांत त्यांना सांगावं लागे, अहो, ही गाठ आहे, दोन-तीन वर्षांत दिसेनाशी होईल.

ध्वनीनं हृदय पाहण्याची सुरुवात स्वीडनच्या लुंड गावात झाली. इंगे एडलर तिथल्या दवाखान्यात हृदयाचे पेशंट बघत. मायट्रल झडप आवळलेल्यांची ऑपरेशनं तेव्हा नुकती सुरू झाली होती, आणि कोणाचं ऑपरेशन करायचं हे आधी नेमकं कळत नव्हतं. कार्ल हेल्मुट हर्ट्झ हा तिथलाच तरुण भौतिकशास्त्रज्ञ. वडील गुस्टाव हर्ट्झ नोबेलवाले, आणि रेडिओलहरींवाला हाइनरिश हर्ट्झ हा त्या गुस्टावचा काका. एडलर आणि हा तरुण हर्ट्झ माल्मोच्या कोकुम्स जहाज कारखान्यात गेले. तिथे लोखंडातल्या भेगा शोधायला ध्वनीचं यंत्र होतं. हर्ट्झनं ते स्वतःच्या छातीला लावलं, आणि पडद्यावर एक रेघ त्याच्या ठोक्याबरोबर पुढेमागे हलू लागली. मग सीमेन्सकडून एक यंत्र उसनं मिळालं आणि २९ ऑक्टोबर १९५३ या दिवशी हृदयाची हालती रेघ पहिल्यांदा फिल्मवर उतरली.

त्या रेघेचा एक किस्सा आहे, आणि नव्या मुलींना शिकवताना मी तो नेहमी सांगायचे. सर्वांत ठळक दिसणारी ती रेघ म्हणजे डाव्या कर्णिकेची, म्हणजे वरच्या कप्प्याची, भिंत, असं एडलरना सुरुवातीला वाटलं होतं. पुढे मरणपंथाला लागलेल्या पेशंटांत त्यांनी ध्वनीची दिशा छातीवर खूण करून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच खुणेतून अणकुचीदार सळई घालून ती कुठे निघते ते पाहिलं. रेघ भिंतीची नव्हती, मायट्रल झडपेच्या पडद्याची होती. अर्थात काय मापतोय हे कळायच्या आधीच मापणं सुरू झालं होतं. हसू नका. पोरींनो, तुम्हीही पहिल्या महिन्यात हेच करणार आहात.

अमेरिकेत हे काम इंडियानापोलिसच्या हार्वे फायगेनबाउम यांनी रुजवलं. १९६३ साली त्यांनी एका यंत्राची जाहिरात वाचली, पुढे आपल्याच रुग्णालयात मेंदूवाल्यांकडे विनावापर पडलेलं यंत्र शोधून ते छातीला लावून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या माणसांना हे काम शिकवायची वाटही त्यांनीच पाडली. माझ्या पगाराची सुरुवात तिथे झाली म्हणा ना.

पण हे सगळं मोठ्यांचं. बाळाकडे यायला अजून दहा वर्षं लागली. मोठ्या माणसाच्या छातीत बरगड्या आणि फुप्फुस ध्वनीची वाट अडवतात. बाळात हाडं कोवळी, फुप्फुस मध्ये कमी येतं, पोटाकडून प्रोब लावला तर चारही कप्पे एका चित्रात दिसतात. त्या बाबतीत बाळ म्हणजे यंत्राची चैन. अडचण दुसरी. नवजात बाळाचं हृदय मिनिटाला एकशेचाळीसदा धडधडतं, डाव्या जवनिकेचा, म्हणजे खालच्या कप्प्याचा, व्यास जेमतेम अठरा-वीस मिलिमीटर असतो, आणि मोठ्यांचा सव्वादोन मेगाहर्ट्झचा प्रोब त्या छातीवर म्हणजे इवल्या पानावर ठेवलेला पाट. वारंवारता वाढवली की बारीक दिसतं पण खोलवर पोचत नाही. बाळाला खोली नकोच असते. म्हणून पाच, पुढे साडेसात मेगाहर्ट्झचे छोटे प्रोब आले.

१९७२ साली सिनसिनाटीच्या रिचर्ड मायर आणि सॅम्युएल कॅप्लन यांनी नवजात बाळांत एखादी जवनिका मुळातच खुरटलेली आहे का, हे ध्वनीनं ओळखून दाखवलं. तोवर असल्या निळ्या पडलेल्या, तासातासाला खालावणाऱ्या बाळाच्या रक्तवाहिनीत नळी घालून रंग सोडण्याखेरीज उपाय नव्हता. पुढच्या वर्षी निरोगी नवजातांची मापं छापून आली, एक सोडून दोन गटांची. ही मापं मला मायर-कॅप्लनच्या शोधाइतकीच मोठी वाटतात, पण त्यांचं कौतुक कुणी करत नाही. आजारी बाळ शोधणाऱ्याचं नाव होतं. पन्नास धडधाकट बाळं शांत झोपवून त्यांची मापं घेणाऱ्याला सहकारीच विचारतात, तुला दुसरं काम नाही का?

मला स्वतःला सर्वांत आवडलेली युक्ती १९७४ सालची. सॅन फ्रान्सिस्कोचे नॉर्मन सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी अपुऱ्या दिवसांची बाळं तपासत होते. अशा बाळांत डक्टस नावाची वाहिनी जन्मानंतर मिटायची ती मिटत नाही, फुप्फुसांकडे जादा रक्त जातं आणि ते परतून डाव्या कर्णिकेत येतं. कर्णिका फुगते. पण एक किलोच्या बाळात 'फुगली' म्हणजे किती? त्यांनी बाळाचीच महाधमनी शेजारी घेतली. महाधमनी सहसा बदलत नाही. कर्णिका भागिले महाधमनी. दोन्ही जवळपास सारख्या असाव्यात. कर्णिका दीडपट दिसू लागली की डक्टसचा संशय घ्यायचा. वजन नको, उंची नको, तक्ता नको. बाळाची मूठ बाळाच्याच अंगावर सापडली. नवजातांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) हे गुणोत्तर आजही काढतात.

बाकीच्या मापांना अशी मूठ नव्हती, त्यांना तक्ता लागे. आमच्या खोलीत भिंतीवर एका अमेरिकन पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टाची झेरॉक्स चिकटवलेली होती. वजनं पौंडांत. पहिली ओळ शून्य ते पंचवीस पौंड, म्हणजे सुमारे सव्वाअकरा किलोपर्यंत. त्या ओळीत डाव्या जवनिकेचा नॉर्मल व्यास तेरा मिलिमीटरपासून बत्तीस मिलिमीटरपर्यंत. वाचा पुन्हा. काल जन्मलेलं बाळ आणि घरभर धावणारं पोर एकाच ओळीत. आपल्याकडची तीन वर्षांची कितीतरी मुलं त्याच ओळीत बसत. पन्नास दिवसांच्या बाळाची जवनिका तीस मिलिमीटर भरली, तरी तक्ता म्हणणार, ठीक आहे. आमचे डॉक्टर तक्त्याकडे बघतच नसत. डोळे मिटून म्हणत, "मोठी आहे." बहुतेक वेळा ते बरोबर असत. पण हे शिकवणार कसं?

शिवाय रेघ कुठून कुठपर्यंत धरायची याचीही बोंब होती. आमचा कागद प्रकाशाला संवेदनशील, यंत्रातून सर्रकन बाहेर यायचा आणि खिडकीजवळ ठेवला तर काळवंडायचा. त्यावर दुभाजक ठेवून माप घ्यायचं. भिंतीची रेघ स्वतःच एक-दीड मिलिमीटर जाड. तिच्या अलीकडच्या कडेवर टोक ठेवायचं की पलीकडच्या? मोठ्या माणसात मिलिमीटरनं काय बिघडतं! अठरा मिलिमीटरच्या जवनिकेत तो अठरावा हिस्सा असतो. १९७८ साली डेव्हिड सान आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावायला चारशे जणांना टपालानं तेच पाच आलेख पाठवले, मापं घ्या म्हणून. उत्तरं आली शहात्तर. एकाच आलेखावर प्रत्येकाचा दुभाजक वेगळीकडे टेकलेला. तेव्हा ठरलं : अलीकडच्या कडेपासून अलीकडच्या कडेपर्यंत, आणि तेही ईसीजीच्या ठरावीक क्षणी. पुढे पडद्यावर चित्रच हलू लागलं (रॉटरडॅमच्या निकोलास बॉमनी १९७१ च्या सुमारास वीस तुकड्यांचा प्रोब केला, तिथून 'टूडी'कडे वाट गेली), आणि २०१० साली मुलांच्या इकोसाठी नवे नियम आले : आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. म्हणजे माझ्या नोकरीतच नियम बदलला, आणि जुन्या मुलांचे जुने कागद नव्याशी ताडताना हे ध्यानात ठेवावं लागे.

आता मुठीकडे. मोठ्यांत माप शरीराच्या पृष्ठफळानं भागायची पद्धत होती. पृष्ठफळाचं गणित १९१६ चं, द्यु ब्वा मंडळींचं. अंगावर कागदाचे साचे चिकटवून त्यांनी ते काढलं, आणि एकूण नऊ माणसांवर. नऊ! मुलांना जुळणारं सूत्र हेकॉक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली दिलं. त्यानं तीन किलोच्या, पन्नास सेंटिमीटरच्या बाळाचं पृष्ठफळ येतं साधारण ०.२१ चौरस मीटर. बाळाची जवनिका १.८ सेंटिमीटर, भागाकार साडेआठ. मोठ्या माणसाची ४.८, पृष्ठफळ १.७, भागाकार पावणेतीन. म्हणजे या हिशोबानं जगातल्या प्रत्येक तान्ह्याचं हृदय तिप्पट वाढलेलं. व्यास ही लांबी, पृष्ठफळ हे क्षेत्रफळ. सदऱ्याच्या लांबीला कापडाच्या चौरस वारांनी भागल्यासारखं झालं. माझ्या वडिलांनी दुसऱ्याच ओळीत कात्री खाली ठेवली असती. व्हर्जिनियाचे हॉवर्ड गट्गेसेल यांनी १९९० साली मांडलं की व्यास पृष्ठफळाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. वर्गमूळ घेऊन भागा : बाळाचं ३.९, मोठ्याचं ३.७. जुळलं की नाही?

तिथून 'झेड स्कोअर' सर्रास झाला. त्या पृष्ठफळाच्या निरोगी मुलांत सरासरी किती, आणि आपलं मूल तिच्यापासून किती पावलं दूर. उणे दोन ते अधिक दोन यांच्या आत शंभरातली पंचाण्णव निरोगी मुलं बसतात. कावासाकी आजारात याचा फरक डोळ्यांत भरतो. तापानंतर हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगणारा हा आजार जपानच्या तोमिसाकु कावासाकींनी १९६७ साली मांडला. १९८४ च्या जपानी निकषात पाच वर्षांखालच्या मुलाला तीन मिलिमीटरची एकच रेषा होती. चार महिन्यांच्या बाळालाही तीन, साडेचार वर्षांच्यालाही तीन. १९९८ साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की या रेषेनं नॉर्मल ठरलेल्या कितीतरी वाहिन्या त्या मुलांच्या अंगाच्या मानानं फुगलेल्या होत्या. आता झेड अडीचच्या वर गेला की वाहिनीला फुगा आला असं धरतात.

ताडायचे तक्ते कुठून आले? २००५ मध्ये बॉस्टनचा, २००८ मध्ये डेट्रॉइटचा ७८२ मुलांचा, आणि २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एकोणीस केंद्रांनी मिळून ३,२१५ निरोगी मुलांचा. या शेवटच्यात त्यांनी वंश आणि मुलगा-मुलगी हा भेदही पाहिला. पृष्ठफळ धरल्यावर तपासणीत महत्त्वाचा ठरेल एवढा फरक उरला नाही. त्याच वर्षी अजमेरच्या डॉक्टरांनी भारतीय मुलांचा तक्ता छापला. आनंद झाला, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं आम्ही परक्या पोरांच्या मापाचे कपडे घालून बघत होतो. एकच माप तीन तक्त्यांत टाकलं तर तीन झेड येतात, हेही खरं. म्हणून रिपोर्टवर कोणता तक्ता वापरला ते लिहिलेलं असावं. बहुतेक ठिकाणी नसतं.

माझी एक चूक सांगते. कुठल्या रुग्णालयात ते नाही सांगत. दहा महिन्यांची मुलगी, विदर्भातून आलेली, हृदयाला भोक. असं भोक कधी आपोआप लहान होतं, तर कधी डावी बाजू फुगत जाते. थांबायचं की बंद करायचं हे बरंचसं त्या फुगण्यावर ठरतं. केसपेपरवर वजन साडेआठ किलो, लांबी पासष्ट सेंटिमीटर. मी आकडे भरले. झेड दीडच्या आसपास. रिपोर्ट गेला : डावी जवनिका नॉर्मल मर्यादेत. त्यांना चार महिन्यांनी या म्हणून सांगितलं. दाराबाहेर जाताना आईनं मुलीला कडेवर घेतलं, तेव्हा सरकलेल्या झबल्यातून तिचे दंड मला दिसले. साडेआठ किलोचे दंड तसे नसतात. मी हाक मारून परत बोलावलं, सगळे कपडे उतरवून काट्यावर ठेवलं. साडेसहा. ते साडेआठ कुणीतरी आईला तोंडी विचारून लिहिलं होतं. पृष्ठफळ ०.४० वरून ०.३५ वर आलं आणि तीच जवनिका, तेच माप, झेड दोनच्या पलीकडे. हृदयाचं काहीच बदललं नव्हतं. मूठ चुकीची धरली होती. त्या मुलीचं ऑपरेशन लवकर झालं. मला दोन रात्री झोप आली नाही, कारण तिच्याआधी किती कडेवरची मुलं माझ्या नजरेतून सुटली असतील हे कळायला मार्ग नव्हता.

भोकवाली बाळं वजनानं मागेच असतात. दूध ओढताना दमतात, घाम फुटतो. त्यांचा झेड काढताना वजन आणि लांबी दोन्हीकडे बघावं, हे माझं मत. मोठ्या डॉक्टरांत यावर अजून दोन बाजू आहेत.

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, शाळा-अंगणवाड्यांतली मुलं तपासायला. जन्मजात हृदयरोग त्या यादीत आहे. मग वाड्या-पाड्यांवरची मुलं टूडीला येऊ लागली. यंत्रच तिकडे न्यावं तर ते सोपं नाही. सोनोग्राफीचं यंत्र, मग ते हृदयाचंच का असेना, गर्भलिंग निदानाच्या कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि जागेवरून हलवण्यावर बंधनं आहेत. महाराष्ट्रानं असा कायदा १९८८ मध्येच केला, देशात पहिला, आणि तो का करावा लागला हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा कुरकुर करणार नाही. फक्त मोखाड्याहून पहाटे निघून दुपारी दोनला आमच्या बाकड्यावर टेकलेल्या बाईला मी आधी चहा पाजायचे.

बाकी रोजचं काम म्हणजे बाळ शांत ठेवणं. जेलीची बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवायची. गार जेली लागली की झोपलेलं बाळही किंचाळतं आणि ठोके दोनशेवर जातात. फारच झालं तर डॉक्टरांना विचारून ट्रायक्लोफॉसचं सिरप. माझ्या काळात खुळखुळा होता, आताच्या मुली मोबाइलवर गाणी लावतात. माप अजून तीन ठोक्यांचंच घेतात.

तुमच्या घरातल्या मुलाची टूडी असेल तर एक करा. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, कपडे उतरवून वजन करायला सांगा. लांबी झोपवून मोजायला सांगा. दोन्ही आकडे तुमच्यासमोर रिपोर्टवर लिहून घ्या. कुणी घाईत "वजन किती?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका, काटा कुठे आहे ते विचारा.